तीन बंदरं, तीन टर्मिनल्स आणि मावळच्या माणसाचा हिशेब

लोणावळ्याहून सकाळची सिंहगड किंवा डेक्कन क्वीन पकडली की माणूस थेट सीएसएमटीला उतरतो. तिथून बॅलार्ड पिअरचा धक्का जेमतेम दोन किलोमीटर. याच धक्क्यावर उभारलेल्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झालं. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी गुजरातमधल्या भावनगरच्या कार्यक्रमातून ते केलं. भूमिपूजन १२ जानेवारी २०१८ रोजी झालं होतं. म्हणजे पायापासून उद्घाटनापर्यंत पावणेआठ वर्षं गेली.

बातम्या आल्या, फोटो आले, रील्स आल्या. पण आपल्या लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगावच्या मोहल्ल्यांत या टर्मिनलची चर्चा फारशी झाली नाही. झाली तीही दोनच प्रश्नांपुरती. एक, 'आता हजची बोट पुन्हा सुरू होणार का?' आणि दुसरा, 'पोराला बोटीवर नोकरी मिळेल का?' बाकी क्रूझ म्हणजे श्रीमंतांची हौस, आपला काय संबंध, असं म्हणून विषय संपतो.

संबंध आहे आणि तो जुना आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणच्या बंदरांत उतरलेला माल बोरघाट चढून मावळातूनच पुढे जायचा. कार्ल्याच्या लेण्यांतल्या शिलालेखांत यवनांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत, सोपाऱ्याच्या माणसाचीही नोंद आहे. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, त्या काळचं मोठं बंदर. बंदराचा पैसा घाट चढून वर आला म्हणूनच हे दगडातलं वैभव मावळात उभं राहिलं. आजही कोळी बांधव समुद्रावरून एकवीरेच्या दर्शनाला कार्ल्यालाच येतात.

म्हणून या लेखात मुंबई, मुरगाव आणि कोची या अरबी समुद्रावरच्या तीन शेजारी बंदरांची तुलना मावळात बसून करायची आहे. तुलना करताना तीन प्रश्न विचारू. बोटीतून उतरलेला प्रवासी गेटबाहेर किती लांब जाऊ शकतो? साध्या, रोजच्या प्रवाशाला त्या बंदराचा उपयोग होतो का? आणि त्या गर्दीतून कोणाच्या घरात रोजी येते?

मुंबई: इमारत मोठी, रस्ता अरुंद

आधी आकडे पाहू. मुंबईचं नवं टर्मिनल सुमारे ४.१५ लाख चौरस फुटांचं आहे. वर्षाला १० लाख आणि दिवसाला १० हजार प्रवासी हाताळता येतील, एकाच वेळी पाच जहाजं लागतील, अशी त्याची आखणी आहे. तपासणी आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर आहेत. धक्क्यापाशी पाण्याची खोली ११ मीटर आणि जहाजाची लांबी ३०० मीटरपर्यंत चालते. एकूण खर्च ५५६ कोटी रुपये.

मुंबईची खरी ताकद मात्र इमारतीबाहेर आहे. मोठं विमानतळ आहे, देशभरातून येणाऱ्या गाड्या आहेत, मागे पुणे, नाशिक, सुरतसारखी शहरं आहेत. त्यामुळे मुंबई हे 'होम पोर्ट' होऊ शकतं. म्हणजे प्रवास जिथून सुरू होतो आणि जिथे संपतो ते बंदर. कॉर्डेलिया क्रूझेसची गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणारी जहाजं मुंबईतून निघतात ती याच कारणाने.

कमजोरी कुठे आहे? गेटबाहेर. एकेकाळी या धक्क्यावर बॅलार्ड पिअर मोल नावाचं रेल्वे स्टेशन होतं. विलायतेच्या बोटीतून उतरलेला प्रवासी तिथेच फ्रंटियर मेलमध्ये बसून पेशावरपर्यंत जायचा. बोट आणि रेल्वे एकमेकींना खेटून उभ्या राहायच्या. आज टर्मिनल कितीतरी पटींनी मोठं आहे, पण दारात रेल्वे नाही. बॅगा, मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन आलेल्या कुटुंबाला सीएसएमटीहून टॅक्सीच करावी लागते. अंतर दोन किलोमीटरचं, पण फोर्टच्या ट्रॅफिकमध्ये तेच खूप होतं.

मुरगाव: जवळ सगळं, पण वाटणी कोणाची?

गोव्याचं मुरगाव बंदर वास्कोजवळ आहे. नैसर्गिक खोल बंदर, दाबोळी विमानतळ काही किलोमीटरवर, वास्कोपर्यंत रेल्वे. जुना गोवा, पणजी, फोंड्याच्या मसाल्याच्या बागा हे सगळं तासाभराच्या टप्प्यात. प्रवाशाला दिवसभरात गोवा दाखवून संध्याकाळी परत बोटीवर सोडता येतं. म्हणून मुरगाव हे उत्तम 'थांब्याचं बंदर' आहे. जहाज सकाळी येतं, संध्याकाळी जातं.

पण या बंदराची जुनी ओळख लोहखनिज आणि कोळशाची. वास्कोचे लोक कोळशाच्या धुळीविरुद्ध अनेक वर्षं आवाज उठवत आहेत. एकाच बंदरात एका बाजूला पर्यटकांचं स्वागत आणि दुसऱ्या बाजूला कोळशाचे ढीग, हा विरोधाभास मुरगावला अजून सोडवता आलेला नाही.

दुसरा वाद टॅक्सीचा. स्थानिक टॅक्सीवाले विरुद्ध ॲपवरच्या टॅक्सी हा गोव्यातला जुना झगडा. क्रूझच्या बाबतीत त्याला आणखी एक पदर आहे. बोटीवरचे बहुतेक परदेशी प्रवासी आपली सहल जहाजावरच आगाऊ बुक करतात. जहाज कंपनी ते काम मोठ्या टूर ऑपरेटरला देते, ऑपरेटर बसेस लावतो. दोन हजार माणसं उतरली तरी गेटवर उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्याला त्यातली थोडीच मिळतात. बोट आली म्हणजे गावात पैसा आला, असं आपोआप होत नाही. हा धडा लोणावळ्याच्या टॅक्सी, हॉटेल आणि चिक्कीवाल्यांनी आधीच लक्षात ठेवला पाहिजे.

कोची: इमारत लहान, हात लांब

कोचीचं 'सागरिका' हे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल १४ फेब्रुवारी २०२१ रोजी सुरू झालं. खर्च २५.७२ कोटी रुपये. मुंबईच्या टर्मिनलवर याच्या सुमारे एकवीसपट पैसा लागला. दोन्ही इमारतींचं स्वरूप वेगळं, काळ वेगळा, जमिनीची परिस्थिती वेगळी, हे मान्य. तरी कोचीच्या त्या धक्क्याला ४२० मीटरपर्यंतचं जहाज लागू शकतं. मोठी इमारत असेल तरच मोठं जहाज येतं, हा समज कोची खोटा ठरवतं.

कोचीने दोन गोष्टी चांगल्या केल्या. पहिली म्हणजे वॉटर मेट्रो. २५ एप्रिल २०२३ रोजी ही सेवा सुरू झाली. बॅटरीवर चालणाऱ्या, वातानुकूलित बोटी, सुरुवातीचं तिकीट २० रुपयांपासून. पुढे ती फोर्ट कोचीपर्यंत पोहोचली. ही बोट पर्यटकांसाठी वेगळी आणि गावकऱ्यांसाठी वेगळी नाही. ऑफिसला जाणारी बाई, शाळेतून येणारी मुलं आणि कॅमेरा लटकवलेला परदेशी पाहुणा एकाच बाकावर बसतात.

दुसरी म्हणजे मुझिरिस वारसा प्रकल्प. कोचीपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर कोडुंगल्लूर आहे. परंपरेनुसार भारतातली पहिली मशीद मानली जाणारी चेरामन जुमा मशीद तिथे आहे. आसपास जुनी चर्चेस, ज्यूंची प्रार्थनास्थळं, मंदिरं, बाजार. केरळ सरकारने हे सगळं एका साखळीत बांधलं. अरब व्यापारी, इस्लाम आणि मिरी यांची गोष्ट तिथे लपवली जात नाही, पाहुण्यांना अभिमानाने सांगितली जाते. पाहुणा गावापर्यंत जातो आणि गावाचा इतिहास त्याच्याबरोबर घरी जातो.

थोडक्यात, मुंबईकडे आकार आहे, मुरगावकडे जवळीक आहे, कोचीकडे जोडणी आहे. आता यात मावळ कुठे बसतो ते पाहू.

घड्याळ लावून पाहू

'परदेशी पाहुणे आता लोणावळ्याला येतील' असं कोणी म्हटलं तर आधी घड्याळ समोर ठेवा. समजा जहाज सकाळी ७ वाजता लागलं. तपासणी आटोपून प्रवासी साडेआठला बाहेर आला. बॅलार्ड पिअर ते कार्ले हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. शहरातला ट्रॅफिक आणि घाट धरून तीन तास. म्हणजे साडेअकरा. जहाज संध्याकाळी ६ ला सुटणार असेल तर ५ वाजेपर्यंत बोटीवर हजर राहायचं. परतीचे तीन तास आणि थोडी सवड धरली तर दीड वाजता मावळ सोडावं लागेल. दोन तासांसाठी सहा तासांचा प्रवास. त्यात कार्ल्याच्या पायऱ्या चढायच्या. फार थोडे लोक हे करतील. घारापुरी त्यांना समोरच दिसते.

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, मुंबईतून बाहेर पडणं त्याने सोपं केलं. एक्स्प्रेसवेवरचा खोपोली ते कुसगाव हा 'मिसिंग लिंक' रस्ता घाटातलं अंतर सुमारे ६ किलोमीटरने आणि वेळ वीस-पंचवीस मिनिटांनी कमी करण्यासाठी आखला आहे. तरीही एका दिवसाच्या पाहुण्याचा हिशेब मावळच्या बाजूने बसत नाही. हे कटू असलं तरी खरं आहे.

मग आशा कुठे आहे? होम पोर्टमध्ये. जो प्रवासी मुंबईतून बोट पकडणार किंवा मुंबईत प्रवास संपवणार, तो आधी किंवा नंतर एक-दोन दिवस राहू शकतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात मावळातला लोहगड आहे. लोहगड, कार्ले, भाजे ही दोन दिवसांची सहल सहज होते. शिवाय पुणे, सातारा, कोल्हापूरकडची जी कुटुंबं बोटीने फिरायला निघतात, ती आपल्या दारातल्या रस्त्यावरूनच मुंबईला जातात. बॅगा आणि म्हातारी माणसं घेऊन निघालेल्या अशा कुटुंबाला टर्मिनलच्या दारापर्यंत सोडणारी खात्रीची गाडी हवी असते. हा धंदा लोणावळा-तळेगावचा चालक करू शकतो.

आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. लोणावळ्याचा धंदा पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर तुडुंब गर्दी, नंतर ओढ सुट्ट्यांची आणि शनिवार-रविवारची. क्रूझचा हंगाम बरोबर उलटा. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. बोटींचा खरा मोसम ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत. म्हणजे जेव्हा आपल्याकडे मंदी असते, तेव्हाच बंदरात वर्दळ असते. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी सुरू केलेल्या 'क्रूझ भारत मिशन'ने २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करायचं ठरवलं आहे. हे अर्धं जरी साधलं, तरी मावळने आपला वाटा मागायला हरकत नाही.

समुद्र नसलेल्या तालुक्यात खलाशी घडतात

रोजीचा दुसरा रस्ता नोकरीचा. इथे मावळ मुंबईपेक्षा मागे नाही, हे आपल्यालाच माहीत नसतं. नौदलाची सागरी अभियांत्रिकी शिकवणारी आयएनएस शिवाजी ही संस्था १९४५ पासून लोणावळ्यात आहे. तळेगावजवळ इंदोरीत तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट आहे. टाकवे खुर्दला समुंद्रा इन्स्टिट्यूट ऑफ मेरिटाइम स्टडीज आहे. देशभरातली मुलं इथे येऊन मर्चंट नेव्हीचं शिक्षण घेतात. आपल्या मोहल्ल्यातली किती घेतात, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

रत्नागिरी, रायगडच्या कोकणी मुस्लिम घरांत बोटीवरची नोकरी पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्या घरांत बारावीच्या पोराला कुठला फॉर्म भरायचा हे सांगणारा एखादा मामू, चाचा असतोच. घाटावरच्या आपल्या घरांत तो नसतो. त्यामुळे माहिती कमी आणि एजंटवर विश्वास जास्त, अशी अवस्था होते. म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

मरीन इंजिनिअरिंगसारख्या पदवीसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दहावीनंतर खलाशी म्हणून जायचं असेल तर जीपी रेटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स असतो. जहाजाच्या स्वयंपाकघरात आणि केटरिंगमध्ये काम करायचं असेल तर त्याचा वेगळा कोर्स आहे. कोर्स करण्याआधी ती संस्था डीजी शिपिंगने मान्य केलेली आहे का, हे त्यांच्या वेबसाइटवर पाहा. समुद्रावर जाण्यासाठी सीडीसी हे खलाशाचं पुस्तक, सुरक्षेचं मूलभूत प्रशिक्षण आणि मान्यताप्राप्त डॉक्टरांची वैद्यकीय तपासणी लागते.

सगळ्यात महत्त्वाचं. नोकरी लावणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल हा डीजी शिपिंगचा परवाना असलाच पाहिजे. २०१६ च्या नियमांनुसार नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला बंदी आहे. कोणी 'क्रूझवर पक्की नोकरी, फक्त अडीच लाख भरा' म्हणाला, तर तिथेच सलाम करून उठा. घर गहाण ठेवून, अम्मीचे दागिने मोडून अशा माणसाच्या हातात पैसे देऊ नका. करारावर पगार, महिने, परतीचं तिकीट आणि जहाजाचं नाव लिहिलेलं नसेल तर सही करू नका.

काही पालक विचारतात, क्रूझवर बार असतो, कॅसिनो असतो, तिथली कमाई हलाल कशी? प्रश्न रास्त आहे. पण जहाज म्हणजे फक्त बार नव्हे. इंजिन रूम, इलेक्ट्रिकल, डेक, लाँड्री, हाउसकीपिंग, दवाखाना, स्टोअर असे कितीतरी विभाग असतात. आणि मालवाहू जहाजांवर तर हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. कोणत्या कामाचा करार आहे हे आधी बघा, शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा आणि मग ठरवा. न विचारता दार बंद करणं आणि न विचारता उडी मारणं, दोन्ही चूक.

साध्या प्रवाशाची बोट कुठे आहे?

आता सगळ्यात अवघड प्रश्न. मुंबई बंदर एकेकाळी साध्या माणसाचं होतं. कोकणात जाणारी आगबोट हेच गावाला जायचं वाहन होतं. मोगल लाइनच्या 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटी आजही कोकणी घरांतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहेत. १९८० चं दशक संपता संपता ती सेवा संपली. २० ऑक्टोबर २०१८ रोजी भाऊच्या धक्क्याजवळच्या देशांतर्गत टर्मिनलवरून 'आंग्रिया' ही मुंबई-गोवा बोट मोठ्या थाटात सुटली. कोविडच्या काळात थांबली ती थांबलीच. टर्मिनल उभं राहिलं, बोट बंद पडली. धक्का बांधला की सेवा चालतेच असं नाही, हे यातून शिकण्यासारखं आहे.

त्या मानाने भाऊचा धक्का ते मांडवा ही मार्च २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो सेवा टिकली. कारण साधं आहे. तिला रोजचा प्रवासी आहे. अलिबागला जाणारा पर्यटक आहे, तसा रायगडला घरी जाणारा माणूसही आहे.

आणि १८ डिसेंबर २०२४ विसरता येत नाही. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची चाचणीवरची स्पीडबोट धडकली आणि १५ जीव गेले. क्रूझ टर्मिनलमध्ये ७२ काउंटर होत असताना तिथून जवळच साधे प्रवासी कोणत्या सुरक्षेत बोटीत चढत होते, हा प्रश्न त्या दिवशी उघडा पडला. गेटवेजवळ रेडिओ क्लबपाशी २२९ कोटींची नवी प्रवासी जेट्टी होत आहे. रहिवाशांनी विरोध केला. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम रोखलं नाही, पण अटी घातल्या. जेट्टीवरची प्रेक्षागृहासारखी जागा फक्त प्रवाशांना बसायला वापरायची, उपाहारगृहात फक्त पाणी आणि बंद पाकिटातले पदार्थ विकायचे. अर्थ स्पष्ट आहे. जेट्टी आधी प्रवाशाची, मग मौजमजेची. हीच कसोटी प्रत्येक बंदराला लावली पाहिजे.

आणि हजची बोट?

मुंबई आणि हज हे नातं आपल्या घराघरांत आहे. १८७७ साली मुंबईत सुरू झालेली कंपनी पुढे मोगल लाइन झाली, १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरून, हार घालून, दुआ घेऊन हाजी बोटीवर चढायचे. १९९५ पासून हा समुद्रमार्ग बंद आहे.

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे अल्पसंख्याक मंत्री मुख्तार अब्बास नक्वी यांनी सांगितलं की सौदी अरेबियाने समुद्रमार्गाला होकार दिला आहे आणि आधुनिक जहाजं २,३०० सागरी मैलांचं अंतर दोन-तीन दिवसांत कापतील. तेव्हापासून दर वर्षी व्हॉट्सॲपवर 'हजची बोट सुरू' असा मेसेज फिरतो. नव्या टर्मिनलनंतर तो पुन्हा फिरेल. म्हणून आपणच हिशेब करू.

क्रूझ जहाज साधारण ताशी २० सागरी मैल जातं. २,३०० मैलांना ११५ तास लागतील, म्हणजे जवळपास पाच दिवस. तीन दिवसांत जायचं तर ताशी ३२ मैल वेग हवा, तो सामान्य क्रूझ जहाजाला जमत नाही. भारताचा हज कोटा १,७५,०२५ आहे. त्यातले फक्त दहा टक्के, साडेसतरा हजार लोक, चार हजारांच्या जहाजाने नेले तर पाच फेऱ्या. एकच जहाज असेल तर शेवटचा हाजी जेद्दाहला पोहोचेपर्यंत दीड महिना. परतीला पुन्हा तेवढेच दिवस. विमान हेच अंतर पाच-सहा तासांत कापतं. त्यात नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे प्रवासी जहाज कंपन्या तो मार्ग टाळू लागल्या.

गंमत बघा. जेद्दाहमध्येही आता क्रूझ टर्मिनल आहे. सौदी अरेबियाने स्वतःची क्रूझ कंपनी काढली, तिचं 'अरोया' जहाज डिसेंबर २०२४ पासून फिरायला लागलं. ज्या दोन बंदरांना हाजींनी जोडलं होतं, ती दोन्ही आज क्रूझची बंदरं झाली आहेत, पण त्यांच्यामधली हाजींची बोट मात्र नाही. पुढे कधी सुरू झाली तर आनंदच. तोवर कोणी 'बोटीने स्वस्तात हज' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. हज कमिटीची अधिकृत घोषणा हाच पुरावा धरा.

आपल्या दाराशी काय आहे?

बंदरांना नावं ठेवताना आपलं अंगणही पाहावं लागेल. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी इंदोरीजवळ कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला आणि चार जण दगावले. हीच ती इंदोरी, जिथे जहाजांवरचे अधिकारी घडतात. जगभरच्या समुद्रांवर सुरक्षा सांभाळायला शिकवणाऱ्या गावात नदीवरचा पूल मात्र सुरक्षित नव्हता.

पाहुणा बोटीने येवो, रेल्वेने येवो की मोटारसायकलवर पिंपरीहून येवो, त्याला आधी जिवंत परत जाता आलं पाहिजे. म्हणून मावळच्या मागण्या साध्या असाव्यात. भुशी, कुंडमळा, लोहगड इथे पावसाळ्यात प्रशिक्षित जीवरक्षक आणि गर्दीवर मर्यादा. कार्ले, भाजे, लोहगडला स्वच्छ शौचालयं, बायकांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी बसायच्या जागा. स्थानिक तरुण-तरुणींना परवानाधारक गाइड होण्याचं प्रशिक्षण, मराठी, हिंदी, इंग्रजी आणि जमलं तर अरबीतही. सीएसएमटी ते क्रूझ टर्मिनल अशी बोटीच्या वेळेनुसार बस. आणि टर्मिनलमध्ये जिल्ह्याजिल्ह्याच्या बचत गटांना विक्रीची जागा, म्हणजे लोणावळ्याची चिक्की बड्या ब्रँडच्या काचेमागून नव्हे, तर बनवणाऱ्या बाईच्या हातून विकली जाईल.

जमातीलाही काही करता येईल. वर्षातून एकदा, दहावी-बारावीच्या निकालानंतर, मशिदीच्या हॉलमध्ये किंवा शाळेत मेरिटाइम शिक्षणाची बैठक ठेवता येईल. इंदोरी आणि टाकवे आपल्या शेजारीच आहेत. तिथल्या शिक्षकांना, कोकणातल्या निवृत्त खलाशांना बोलवा. मुलींनाही बसवा. फी मोठी असते, तेव्हा जकात आणि शिष्यवृत्तीच्या पैशातून वर्षाला एक-दोन हुशार, गरजू मुलांना उभं करता येईल का, याचा विचार ट्रस्टींनी करावा.

मुंबईने ५५६ कोटींत मोठा दरवाजा बांधला. तो समुद्राकडे उघडला आहे. जमिनीकडे, घाटाकडे, आपल्याकडे तो किती उघडेल हे कोणी आपोआप ठरवणार नाही. कोचीने आपला दरवाजा वीस रुपयांच्या तिकिटाने उघडला. मुंबईला ते जमेल का, हे विचारायला मावळचा माणूस तिथे हजर असला पाहिजे. सकाळची सिंहगड पकडून जाता येतं, अंतर तेवढंच आहे.